माळ्यावरच्या कॅसेटमधला आवाज उतरवून घेताना

बऱ्याच घरांत माळ्यावर किंवा दिवाणाच्या पेटीत बुटांचं एक खोकं असतं. त्यात पंधरा-वीस कॅसेटी असतात. वरच्या सिनेमाच्या आणि भावगीतांच्या. तळाशी दोन-तीन अशा, की ज्यांवर बॉलपेनने नुसतं 'बारसं', 'दादांचं कीर्तन' किंवा 'मंगलाष्टकं' एवढंच लिहिलेलं असतं. आज फोनवर लाखो गाणी ऐकता येतात, पण जात्यावरची ओवी म्हणणारा आजीचा आवाज त्यात नाही. तो तळच्या कॅसेटमध्ये आहे आणि ती वाजवायला घरात काही उरलेलं नाही. टू-इन-वन भंगारात गेला, गाडीतला टेप गेला, फोनचं हेडफोनचं भोकसुद्धा कंपन्यांनी बुजवून टाकलं. आपणही नवं घेताना जुनं काय वाजवायचं, हा विचार केला नाही.

कामाला लागताना विकतच्या गाण्यांच्या कॅसेटी बाजूला ठेवा. ती गाणी याहून स्वच्छ आवाजात मिळतात. घरी भरलेली कॅसेट मात्र एकुलती एक असते, तिच्यापासून सुरुवात करा. पावसाळ्यात हे काम काढू नका, कोकणात तर नाहीच. दमट हवेत उघडून ठेवलेल्या कॅसेटला बुरशी पटकन धरते. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

पहिलं काम दहा सेकंदांचं आहे. फीत उघडी दिसते त्याच्या विरुद्ध कडेला दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन छोट्या टिकल्या असतात. त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मोडून टाका. टिकली गेली की त्या बाजूवर टेपचं रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. चुकून बटण दाबल्याने पुसलं गेलेलं कुठल्याही उपायाने परत येत नाही.

मग कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीचं वेटोळं पाहा. कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या टेपमध्ये घालायची नाही, कारण बुरशी टेपच्या हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणाऱ्या भागाला, लागून पुढच्या कॅसेटींवर जाते. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि सगळ्यांत शेवटी घ्या. साफ करताना तोंडाला मास्क लावा आणि काम गच्चीत किंवा अंगणात करा.

आता कॅसेटच्या तोंडाशी, बरोबर मध्यभागी पाहा. फितीच्या मागे तांब्यासारखी एक पातळ पट्टी दिसेल आणि तिच्यावर तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा नमद्याचा चौकोनी तुकडा. हा तुकडा फितीला हेडवर दाबून धरतो. तो ज्या गोंदाने चिकटवलेला असतो तो जुना झाला की सुटतो आणि तुकडा पडून जातो. मग कॅसेट वाजते, पण आवाज उशीत तोंड घालून बोलल्यासारखा दबका येतो आणि मधूनमधून बुडतो. लोक समजतात फीत खराब झाली. फीत ठणठणीत असते. एखाद्या टाकाऊ कॅसेटमधली पट्टी नमद्यासकट काढून इथे बसवली की आवाज लख्ख उघडतो.

त्यासाठी कॅसेट खोलावी लागते. पाच स्क्रूची असेल तर काम सोपं. छोट्या स्टार स्क्रूड्रायव्हरने स्क्रू काढा, कॅसेट थाळीत आडवी ठेवा आणि वरचं झाकण सरळ वर उचला. थाळी आवश्यक आहे, कारण कोपऱ्यातल्या चाकांच्या बारीक सळया उडतात आणि फरशीवर सापडत नाहीत. उघडल्या उघडल्या एक फोटो काढा. फीत कुठल्या चाकावरून कशी जाते हे नंतर आठवत नाही. स्क्रू नसलेली कॅसेट चिकटवलेली असते. तिच्या सांध्यात ब्लेड हळूहळू फिरवून ती उघडायची आणि आतली दोन्ही रिळं पाच स्क्रूच्या रिकाम्या खोक्यात हलवायची. वेटोळ्याच्या खाली-वर असलेले पातळ कागद विसरू नका. ते नसले तर फीत घासते, अडखळते आणि टेप कॅसेट खातो.

तुटलेली फीत जोडायला घरातली सेलोटेप वापरू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेटोळ्यांना धरतो. ऑडिओ फितीसाठीची चिकटपट्टी वेगळी मिळते. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून तिरकी कापा म्हणजे ती तंतोतंत जुळतात, आणि पट्टी आतल्या बाजूने लावा. आवाज बाहेरच्या बाजूवर असतो, हेडला टेकते त्या. चुरगळलेला भाग बोटाने सपाट करायचा. इस्त्री किंवा ड्रायर जवळही आणू नका.

टेप कुठला वापरायचा, यावर सगळं अवलंबून आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी वॉकमनच्या मोहात पडू नका. त्यांच्या मोटारीचा वेग डगमगतो आणि हार्मोनियमचा सूर लाटेसारखा वर-खाली होतो. हा दोष नंतर नीट काढता येत नाही. नातेवाइकांकडे पडून असलेला जुना चांगला डेक, म्हणजे स्पीकरला जोडायचा मोठा टेप, दुरुस्त करून घेतलेला केव्हाही बरा. बंद पडलेल्या डेकचं दुखणं बहुतेक वेळा मोटारीने चाकं फिरवणाऱ्या बेल्टचं असतं. रबर ताणून सैल होतं किंवा वितळून डांबरासारखं चिकट होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात बेल्टची चौकशी करा. जुना बेल्ट बरोबर न्या, कारण मापात थोडा फरक पडला तरी वेग बदलतो.

वाजवण्यापूर्वी टेप साफ करा. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, शक्यतो ९९ टक्क्यांचं. कानात घालायच्या कापसाच्या काडीने हेड आणि त्याच्या शेजारची चकचकीत दांडी पुसा. काडीवर तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत. रबरी चाकाला अल्कोहोल अगदी थोडं लावा आणि लगेच कोरडं करा. अत्तर, आफ्टरशेव्ह, रॉकेल यातलं काहीही चालत नाही. दर तीन-चार कॅसेटींनंतर पुन्हा पुसा, जुन्या फिती फार भुकटी सोडतात.

हेडचा कोन बहुतेक जण तपासत नाहीत आणि तिथेच निम्मा आवाज जातो. १९६३ साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली तेव्हापासून फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या संथ वेगाने सरकते. इतक्या कमी वेगात हेडची फट फितीला काटकोनात नसेल तर तीव्र आवाज नाहीसे होतात. ज्या टेपवर कॅसेट भरली त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर वाजवताना आपलं हेडही तेवढंच तिरकं हवं. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग घातलेला छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवा, हेडफोन लावा आणि तो स्क्रू अगदी थोडा, एका वेळी घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा फिरवा. माणूस बोलत असताना 'स', 'श', 'च' जिथे सगळ्यांत स्पष्ट येतील तिथे थांबा. आधी स्क्रूच्या मूळ जागेची खूण मार्करने करून ठेवा. दर कॅसेटला हा कोन वेगळा निघू शकतो.

आता लॅपटॉप. हल्लीच्या लॅपटॉपवर एकच भोक असतं आणि त्यातला माइक एकाच चॅनेलचा, शिवाय आवाज आपोआप कमी-जास्त करणारा. मीटिंगसाठी तो ठीक आहे, पण कीर्तनातला टाळ वाजला की तो बुवांचा आवाज दाबून टाकतो. म्हणून लाइन-इन (बाहेरचा आवाज आत घ्यायची जागा) असलेलं छोटं यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, घ्या आणि डेकच्या लाइन-आउटमधून लाल-पांढरी वायर त्यात जोडा. टू-इन-वनला लाइन-आउट नसेल तर इअरफोनच्या जागेतून घ्या, आवाज अर्ध्याच्या आसपास ठेवा आणि बास-ट्रेबल मध्यावर. घरच्या रेकॉर्डिंगला खरखर कमी करणारा डॉल्बी सहसा नसतो, म्हणून ते बटण बंद ठेवा.

कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करून घ्या, वर्षानुवर्षं घट्ट बसलेली वेटोळी मोकळी होतात. फीत फार सैल असेल तर जुनी षटकोनी पेन्सिल रिळाच्या सहा दात्यांत घालून फिरवा. यासाठी पेन्सिलीपेक्षा चांगलं अवजार अजून निघालेलं नाही.

ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, तासाला साधारण १ जीबी जागा लागते. सगळ्यांत मोठा आवाज -६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. कमी आलेला नंतर वाढवता येतो. लॅपटॉपचं आपोआप झोपणं बंद करा. घुंऽऽ असा सततचा आवाज येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण टेपजवळ ठेवलेल्या फोनची गुरगुर रेकॉर्डिंगमध्ये शिरू शकते.

सी-६० कॅसेटला ६० मिनिटं लागतातच. एक बाजू संपली की उठून उलटवायची, मध्ये थांबवायचं नाही. फोनवर दहा सेकंदांत रील सरकवायची सवय लागलेल्या बोटांना हे जड जातं. तरी शेजारी बसून ऐका, म्हणजे फीत अडकली तर लगेच कळेल.

उतरवलेली मूळ फाइल कधीही बदलू नका, जे काही करायचं ते प्रतीवर करा. खरखर कमी करायला कुणी बोलत नाही असा एक सेकंद नमुना म्हणून निवडा आणि कपात ६ ते ८ डेसिबलच ठेवा. त्यापुढे गेलात की खरखरीबरोबर 'स' पण जातो, मंगलाष्टकातलं 'सावधान' भांड्यात तोंड घालून म्हटल्यासारखं ऐकू येतं. मागची कुकरची शिट्टी, कावळा, कुणाची तरी हाक हा कचरा नव्हे. ते घर आहे, ते राहू द्या. सेल उतरलेल्या टेपवर भरलेली कॅसेट वाजवताना भरभर आणि पातळ आवाजात पळते. तिथे सुराचा वेगळा पर्याय न वापरता वेग बदलणारा पर्याय वापरा आणि त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणाला तरी जवळ बसवून टक्का ठरवा.

कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा आणि आतल्या कार्डाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा, हस्ताक्षरासकट. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर प्रती ठेवा, तिसरी दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. कॅसेट फेकू नका. पूर्ण गुंडाळून, उभी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा.

नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस मेसेज करू नका, त्याने इतकी मेहनत मातीत जाते. आणि आधी मिनिटभराचा तुकडा घरच्या ग्रुपवर टाकून विचारा, मागून बोलणारं हे कोण? ज्यांना हे आवाज ओळखता येतात त्यांचं वय आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहे, म्हणून हा प्रश्न पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. उत्तर आलं की त्याच दिवशी फोल्डरमधल्या टिपणात वेळेसकट लिहा: '१४ मिनिटं २० सेकंद, स्वयंपाकघरातून हाक मारणारी मोठी आत्या'.