खळ्यावरच्या शेडचा बॉक्स पाइप कोणत्या वर्गात बसतो, हे कसे तपासावे

मालवण-देवगडकडे खळ्यावर पत्र्याची शेड घालताना पाइप किती बाय कितीचा, हे सगळे विचारतात. जाडीचं कुणी विचारत नाही. पण वाकणाऱ्या पाइपची वरची बाजू दाबली जाते, आणि ती रुंदीच्या मानाने पातळ असेल तर पोलादाचं पूर्ण बळ कामाला येण्याआधीच तिथे फुगवटा येतो. तो किती लवकर येतो, यावरून पाइपचे वर्ग पडतात.

आधी जाडी मोजा. बिलावरची नको, हातातल्या पाइपची. कापलेल्या टोकाला वर्निअर लावा. जुना पाइप असेल तर रंग आणि गंजाचे पापुद्रे खरवडूनच. शेड उभी असेल आणि टोक सापडत नसेल, तर अल्ट्रासॉनिक जाडीमापक मागवा.

मग बाहेरच्या रुंदीतून दोन्ही भिंतींची जाडी वजा करून उरलेल्या रुंदीला जाडीने भागा. 100 × 100 चा 3 मिमी पाइप घेतला, तर 94 भागिले 3, म्हणजे 31.3.

आता मर्यादा. आयएस 800:2007 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात पेटीच्या दाबल्या जाणाऱ्या बाजूसाठी 29.3, 33.5 आणि 42 हे आकडे आहेत. त्यांना एप्सिलॉनने गुणायचं: 250 ला पोलादाच्या यील्ड ताकदीने (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकू लागतं तो, मेगापास्कलमध्ये) भागून वर्गमूळ. वायएसटी 310 (यील्ड ताकद 310) पाइपसाठी ते सुमारे 0.9 येतं, आणि मर्यादा 26.3, 30.1, 37.7 होतात. पहिल्या आकड्याच्या आत ‘प्लॅस्टिक’ (हे वर्गाचं नाव, पदार्थाचं नव्हे), दुसऱ्याच्या आत कॉम्पॅक्ट, तिसऱ्याच्या आत सेमी-कॉम्पॅक्ट, त्यापुढे स्लेंडर. आपला पाइप सेमी-कॉम्पॅक्ट ठरला.

किनाऱ्यावर खरी मेख इथून पुढे आहे. खाऱ्या वाऱ्याने बाहेरून गंजून जाडी 2.4 मिमी उरली, की गुणोत्तर 39 वर जातं आणि तोच पाइप स्लेंडर होतो. जादा रुंदी मग हिशेबात धरता येत नाही. 4 मिमीचा पाइप तेवढाच गंजला तरी 27 वर, कॉम्पॅक्टमध्येच बसतो. म्हणून समुद्राजवळ मी 3 मिमी सुचवत नाही.

आय-गर्डरला हे सहसा भोवत नाही. तिथे फ्लँजची (वरच्या-खालच्या आडव्या पट्टीची) निम्मी रुंदी घ्यायची: 140 रुंद, 12.4 जाड फ्लँजचं गुणोत्तर 5.6, आणि 250 ताकदीच्या रोल्ड सेक्शनला (कारखान्यात लाटून काढलेल्या गर्डरला) प्लॅस्टिकची मर्यादा 9.4.

वर्ग चांगला आला म्हणजे गाळा पेलेलच असं नाही. वाऱ्याचा आणि पत्र्याचा भार इंजिनिअरकडून काढून घ्या. पाइपची उघडी टोकं मात्र पत्र्याची टोपी वेल्ड करून आजच बंद करा, आतून लागलेला गंज वर्निअरला टोकापलीकडे दिसत नाही.