आपल्या भागात कोणतं झाड, कोणता जीव टिकेल? ठरवताना या चुका टाळा

जून लागला की विदर्भात गावोगाव रोपांच्या गाड्या येतात. शाळेच्या आवारात, ग्रामपंचायतीच्या जागेवर, वावराच्या धुऱ्यावर खड्डे खणले जातात. पुढच्या जूनपर्यंत त्यातली बरीच रोपं वाळतात आणि बोल लागतो पाणी घालणाऱ्याला. पुष्कळदा चूक त्याच्याही आधी झालेली असते. एकतर त्या जातीला इथलं हवामान सोसणारं नसतं, किंवा सोसणारी जात असूनही तिचं वागणं आपल्याला ओळखता येत नाही.

सरासरीवर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नागपूरचं वर्षाचं सरासरी तापमान साधारण 27 अंश आहे. हा आकडा पाहिला तर नारळ, केळी, फणस, सगळंच इथं सुखात राहील असं वाटतं. पण त्याच नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता आणि 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. झाड वर्षभर सुखात वाढतं आणि अशा चार-दोन दिवसांत मरतं. म्हणून कोणत्याही जातीबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो नवतप्याचा: मे महिन्याच्या अखेरीस, कोरड्या झळांमध्ये, हिचं काय होईल? दुसरा प्रश्न डिसेंबर-जानेवारीतल्या सर्वांत गार पहाटेचा. केळी-पपईसारखी झाडं उन्हाळा पाण्यावर निभावतात, पण पारा 10 अंशांखाली गेला की त्यांची वाढ थांबते.

पावसाचंही तसंच. लंडनला वर्षाला जेमतेम 600 मिलिमीटर पाऊस पडतो, नागपूरला 1000 च्या वर. तरी तिकडे गवत बारमाही हिरवं आणि इकडे मे महिन्यात डोंगर उघडे. तिकडचा पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो, ऊनही सौम्य असतं. आपला बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि पुढचे आठ महिने जमीन वाळतच असते. इथल्या रानात कोण राहणार, हे त्या आठ महिन्यांनी ठरवलंय. साग, मोह, तेंदू, पळस, सालई ही झाडं उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतात, कारण पानांतूनच पाणी उडून जातं. सदाहरित आणि जवळपास सदाहरित झाडं नाल्याकाठी सरकतात. जांभूळ, करंज, अर्जुन ओढ्याच्या कडेला दिसतात, कारण तिथं मुळांना ओल मिळते.

एका अंगणातलं झाड पाहून ठरवणं

कुणाच्या तरी वाड्यात विहिरीला लागून फणस असतो, त्याला फळंही येतात. मग दहाजण तो बरड वावरात लावतात. विहिरीची ओल, भिंतीचा आडोसा आणि रोज सांडणारं पाणी या तीन गोष्टींनी त्या फणसासाठी वेगळंच हवामान तयार केलेलं असतं. ते तुमच्या वावरात नाही.

शिवाय जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. नारळ विदर्भात उंच वाढतो, पण कोकणासारखा लदत नाही. त्याला दमट हवा लागते आणि आपल्याकडे उन्हाळी वारा कोरडा असतो. सफरचंदाच्या रोपांचा सध्या बराच गाजावाजा आहे. सफरचंदाच्या जुन्या जातींना कळी फुटण्यासाठी 7 अंशांखालची थंडी साधारण हजार तास लागते. आपल्याकडे पारा तिथवर जातो तो मोजक्या रात्री, पहाटेपुरता. कमी थंडीत येणाऱ्या जाती आहेत, पण त्यांचं फळ भरतं ते नेमकं एप्रिल-मे महिन्यांत. हौसेनं परसात एक झाड लावा. कर्ज काढून एकरभर लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

संत्र्याकडे बघा. वरुड-मोर्शी, काटोल-नरखेड या पट्ट्यात ते रुजलं, कारण आपल्या ऋतूंचा ताण त्याच्या कामी येतो. हिवाळ्याच्या थंडीनं झाड विसावतं आणि मग आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, फुटतो. मे महिन्यात पाणी तोडलं की पावसाळ्याच्या तोंडावर मृगाचा बहार. जो कोरडेपणा फणसाला मारतो, तोच संत्र्याला फुलवतो.

रोपाचं मूळगावही विचारावं. जात तीच असली तरी आंध्रातल्या कडियमसारख्या दमट भागात, हिरव्या जाळीखाली वाढलेलं उंच, लुसलुशीत रोप आपल्या उन्हात बिथरतं. आपल्याच शिवारातल्या जुन्या कडुनिंबाच्या, बेहड्याच्या बियांपासून केलेलं बुटकं रोप दिसायला गरीब असतं, पण टिकतं.

सगळा विदर्भ एकच समजणं

बुलडाण्यात जे जमतं ते गडचिरोलीत जमेलच असं नाही. पश्चिमेला पाऊस कमी, काळी जमीन, कापूस-तूर आणि मधूनमधून गवताळ माळ. पूर्वेकडे जाल तसा पाऊस वाढतो, धानाच्या बांध्या सुरू होतात. साग दोन्हीकडे आहे, पण गडचिरोलीतल्या आलापल्लीचा सरळसोट उंच साग आणि मुरमाड टेकडीवरचा खुरटा साग यांच्यात फार फरक आहे. ईशान्येला, मध्य प्रदेशातल्या बालाघाट-मंडल्याच्या बाजूला, साल वृक्षाचं राज्य लागतं.

उंचीचाही हिशेब आहे. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. चिखलदरा अमरावतीपेक्षा सुमारे पावणेआठशे मीटर उंच, म्हणजे तिथं जवळपास पाच अंशांचा फरक. म्हणूनच चिखलदऱ्याला सावलीत कॉफी येते आणि खाली परतवाड्याला येत नाही.

आणि पाऊस किती पडला याइतकंच तो किती थांबला हेही महत्त्वाचं. गोंदिया-भंडाऱ्यातल्या जुन्या मालगुजारी तलावांनी आणि बोड्यांनी, म्हणजे छोट्या तळ्यांनी, पाणी धरून ठेवलं, म्हणून तिथं सारस अजून धानाच्या बांधीत घरटं करतो. तलाव गाळानं भरले, तर पाऊस तेवढाच पडूनही सारसाचं घर जाईल.

निष्पर्ण म्हणजे मेलेलं, उघडं म्हणजे ओसाड

मे महिन्यात वाळकं दिसणारं सागाचं किंवा तेंदूचं रोप उपटून फेकू नका. या जातींचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो आणि पाऊस पडल्यावर बुडातून नवा कोंब येतो. खोडावर नखानं हलकं खरवडा. आत हिरवं असेल तर रोप जिवंत आहे. आत तपकिरी असलं तरी जुलै संपेपर्यंत वाट पाहा.

माळरानाच्या बाबतीत हीच चूक मोठ्या प्रमाणावर होते, आणि तिचं मला फार वाईट वाटतं. गवताळ माळ दिसला की लोक त्याला पडीक ठरवून झाडं लावतात. कमी पाऊस आणि उथळ माती असली की तिथं गवतच निसर्गतः राहतं. अकोला-वाशीमकडच्या अशा माळांवर पावसाळ्यात तणमोर हा पक्षी विणीला येतो. कारंजा-सोहोळला काळवीट आहेत. त्यांना उघडं आभाळ लागतं. मेळघाटातल्या रानपिंगळ्यालाही असंच विरळ, पानगळीचं रान हवं असतं. हा पक्षी नाहीसा झाला असं मानलं जात होतं. तो 1997 मध्ये, 113 वर्षांनी, आताच्या नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा दिसला. विरळ रान दाट करण्याच्या नादात त्याचीच जागा घालवू नये.

प्रत्येक मरण उन्हाच्या माथी मारणं

रोप कधी आणि कुठून वाळलं, यावरून कारण बरंचसं कळतं. एप्रिल-मे महिन्यात पानांच्या कडा करपत गेल्या तर झळा; त्यावर आळ्यात काडीकचऱ्याचं आच्छादन आणि पश्चिमेकडून आडोसा. जानेवारीत कोवळे शेंडे काळे पडले तर थंडी. पण ऑगस्टमध्ये माती ओली असतानाही रोप माना टाकत असेल, पानं पिवळी पडत असतील, तर बुडाशी उकरून पाहा. कुजका वास आला तर भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं गुदमरलीत. संत्र्यावरचा डिंक्याही, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, अशा जागी बळावतो. तिथं आणखी पाणी देणं म्हणजे रोप स्वतःच्या हातानं मारणं. चर काढा आणि पुढच्या वेळी उंचवट्यावर लावा.

कधीकधी हवामानाचा काहीच संबंध नसतो. वाघ सुंदरबनच्या खारफुटीत राहतो, रशियाच्या बर्फात राहतो आणि ताडोब्याच्या उन्हाळ्यातही राहतो. एखाद्या जंगलातून तो गेला असेल तर आधी शिकार, पाणी आणि आडोसा यांची चौकशी करावी.

किडीची सुटी मोडणं

कोरडा उन्हाळा आपल्या बाजूनंही काम करतो. गुलाबी बोंडअळीचं पोट मुख्यतः कापसावर. वावरात कापूस नसेल, तर अवेळी निघालेल्या पतंगांना अंडी घालायला जागा मिळत नाही आणि पिढी तुटते. फरदड घेतली, पाणी देऊन कापूस मार्च-एप्रिलपर्यंत उभा ठेवला, की अळीची हीच अडचण आपण दूर करतो. वेचणी डिसेंबरअखेर आटपा. न फुटलेली, किडकी बोंडं वेचून नष्ट करा. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, सरपणासाठी धुऱ्यावर जूनपर्यंत रचून ठेवल्या, तर सुप्त अळ्या त्यातच पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. त्या जानेवारीतच श्रेडरनं बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.