कोड असलेलं पुस्तक वेबवर नेताना

लेटेकमध्ये, म्हणजे गणित-विज्ञानाचा मजकूर छपाईसाठी जुळवणाऱ्या प्रणालीत, बसवलेली पुस्तकं, प्रॅक्टिकलची मॅन्युअलं, प्राध्यापकांच्या नोट्स वेब पानांत बदलून देण्याचं काम मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरातून करते. आधी डीटीपी करत होते, तिथून हळूहळू इकडे वळले. इंजिनिअरिंग किंवा बीसीएस झालेली मुलं "ताई, घरबसल्या काही टेक्निकल काम मिळेल का?" असं विचारत येतात, तेव्हा मी हे काम मनापासून सुचवते. त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही, भारी मशीन लागत नाही, आणि सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत कॉलेजं इतकी आहेत की मॅटरची कमतरता नाही. पण काम वरवर दिसतं तेवढं सरळ नाही. त्यातला अवघड भाग कोणता आणि तो कसा हाताळायचा, ते नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

अवघड भाग म्हणजे कोड, पुस्तकात छापलेले प्रोग्रॅम. नवीन माणसाला वाटतं गणिताची सूत्रं त्रास देतील, पण ती काळजी आता बरीच मिटली आहे. सूत्रं दाखवणारं मॅथएमएल क्रोममध्ये जानेवारी २०२३ पासून चालतं, फायरफॉक्स आणि सफारीत ते आधीपासूनच होतं, जुन्या ब्राउझरसाठी सूत्रं दाखवणारं मॅथजॅक्स हे जावास्क्रिप्ट साधन आहे. शिवाय सूत्र नीट दिसलं की वाचकाचं काम भागतं. कोडचं तसं नसतं. वाचक तो पानावरून उचलतो, एडिटरमध्ये टाकतो आणि चालवतो. मध्ये एक अक्षर बदललं असलं तरी प्रोग्रॅम अडतो, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला वाटतं की आपल्यालाच हे जमत नाही. तासगाव किंवा जतहून एसटीनं येणारी मुलगी फोनवर वाचत असते, तिच्या शेजारी विचारायला कुणी नसतं. पान बनवणाऱ्याचा दोष तिच्या माथी बसू नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

पीडीएफमधून कॉपी केलेला कोड बऱ्याचदा का चालत नाही, हे आधी समजून घ्या. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आणली ती छापील पान देखणं व्हावं म्हणून. स्वतःच्या पुस्तकाची नव्या पद्धतीनं जुळवलेली प्रुफं त्यांना पसंत पडली नव्हती. लेस्ली लॅम्पोर्ट यांचं लेटेक त्याच पायावर उभं आहे. टेक प्रत्येक अक्षर मोजून जागेवर बसवतं, आणि दोन शब्दांमधली मोकळी जागा त्याच्या लेखी अक्षर नसतंच, ते नुसतं अंतर असतं. पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम ते अंतर पाहून अंदाजानं जागा घालतो. ओळीच्या डावीकडची जागा तर बहुतेक वेळा गळूनच जाते. पायथनमध्ये कुठली ओळ कशाच्या पोटात आहे हे त्या डावीकडच्या जागेवरच ठरतं, म्हणजे ती गेली की प्रोग्रॅमच गेला. लेटेकमध्ये कोड छापण्यासाठीचं लिस्टिंग्ज पॅकेज काही न सांगता वापरलं तर ते अक्षरं ठरावीक रुंदीच्या रकान्यांत बसवतं, त्यामुळे कॉपी करताना शब्दाच्या मध्येच जागा पडते. सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. फॉन्ट समान रुंदीचा निवडलेला नसेल तर वजाच्या खुणेची गणिती वजा होते, आणि ती खूण कुठल्याच कंपायलरला ओळखता येत नाही.

म्हणून काम घेताना पीडीएफवर समाधान मानू नका. मूळ टेक फाइल मागा, आणि तिच्यासोबत प्रोग्रॅमच्या मूळ फाइली शिल्लक आहेत का तेही विचारा. आपल्याकडे कधीकधी हा प्रश्न निरर्थक ठरतो. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागात पाणी शिरलं तेव्हा एका सरांचा कॉम्प्युटर त्यात गेला, आणि त्यांच्या मॅन्युअलची पीडीएफ तेवढी एका विद्यार्थ्याच्या ईमेलमध्ये उरली. अशा वेळी मी मजकूर पीडीएफमधून काढते, पण कोड पाहून पुन्हा टाइप करते. कॉपी केलेला कोड दुरुस्त करत बसण्यापेक्षा हे लवकर होतं आणि खात्रीचं असतं. टाइप झाल्यावर तो चालवायचा आणि पुस्तकात छापलेल्या आउटपुटशी ताडून पाहायचा. या कामाचा दर वेगळा सांगा, त्यात संकोच करू नका.

रूपांतराच्या साधनांबद्दल फार लिहिणार नाही, कारण नवीन मुलं निम्मा वेळ साधन निवडण्यातच घालवतात. जॉन मॅकफार्लेन यांचं पॅनडॉक फाइल स्वतःच्या पद्धतीनं वाचतं; साध्या नोट्सना ते उत्तम, पण लेखकानं घरच्या घरी बनवलेल्या कमांड भरपूर असतील तर त्यातलं बरंच निसटतं. एतान गुरारी यांनी सुरू केलेलं टेक-फोर-एचटी तुमची फाइल खऱ्या टेकमधूनच चालवतं, त्यामुळे गुंतागुंतीच्या पुस्तकाला ते पुरतं. गुरारी २००९ मध्ये गेले, पण टेक वापरणाऱ्यांनी ते काम पुढे चालू ठेवलं आहे. ब्रूस मिलर यांचं लेटेक-एक्सएमएल अमेरिकेच्या मानक संस्थेत गणिती फलनांच्या कोशासाठी तयार झालं. अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या मोफत संग्रहातले निबंध डिसेंबर २०२३ पासून वेब पानाच्या रूपातही मिळतात ते त्याच्याच जोरावर. आधी फाइलचा वरचा भाग, म्हणजे पॅकेजं आणि कमांडची यादी, नीट वाचा. कुठलं साधन लागेल ते तिथंच कळतं.

माझी पद्धत अशी की कोड कुठल्याच साधनाच्या हाती द्यायचा नाही. रूपांतर करण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट लिहून टेक फाइलमधली प्रत्येक लिस्टिंग, म्हणजे कोडचा प्रत्येक तुकडा, बाहेर काढायची, तिची स्वतंत्र फाइल करायची आणि मूळ जागी नुसती क्रमांकाची खूण ठेवायची. मग उरलेला मजकूर साधनातून काढायचा, आणि शेवटी त्या खुणांच्या जागी फाइलींमधला कोड जसाच्या तसा परत बसवायचा. मजकूर कसाही बदलला तरी कोडला मध्ये कुणी हात लावलेला नसतो. लेखकानं कोड बाहेरच्या फाइलींतून ओढून घेतला असेल तर निम्मं काम त्यानंच केलेलं असतं.

परत बसवताना तीन चिन्हांकडे लक्ष द्या: &, < आणि >. सी भाषेच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ पाहा. हॅश इन्क्लूडनंतर < > मध्ये हेडर फाइलचं नाव असतं. हे जसंच्या तसं वेब पानात टाकलं की ब्राउझर त्याला टॅग समजतो आणि गिळून टाकतो. पानावर नुसतं हॅश इन्क्लूड उरतं, पुढे काहीच नाही. बाकीचा कोड व्यवस्थित दिसत असल्यामुळे प्रूफ वाचणाऱ्याची नजरही तिथं अडत नाही. म्हणून ही तीन चिन्हं वेबच्या सुरक्षित रूपात बदलायची, आणि त्यातही & आधी. आधी < बदलून मग & ला हात घातला, तर त्या बदलीतलाच & पुन्हा बदलला जातो आणि वाचकाला < ऐवजी भलताच तुकडा दिसतो.

टॅबचं तसंच. सगळे टॅब काढून चार-चार स्पेस टाकायची सवय चांगली म्हणतात, पण मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कसा बांधायचा ते मेक या साधनाला सांगणाऱ्या फाइलमध्ये, कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबनंच व्हावी लागते. तिथं स्पेस आली की मेक थांबतं. कुठला कोड कुठल्या भाषेतला आहे हे पाहिल्याशिवाय सरसकट बदल करू नका.

आता एक असा दोष सांगते जो डोळ्यांना दिसतच नाही. काही साधनं लिस्टिंगमधल्या साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस घालतात. पानावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण त्यांचे युनिकोड क्रमांक वेगळे आहेत, आणि पायथन अशा ओळीवर न छापता येणारं अक्षर सापडल्याची तक्रार करून थांबतं. कोड बाहेर काढून ठेवला असेल तर हा प्रश्न येत नाही. पण दुसऱ्या कुणी रूपांतर केलेलं पान सुधारायला आलं, तर ही अदृश्य अक्षरं शोधून काढावी लागतात. इथं मराठी माणसानं विशेष जपायला हवं. इंटरनेटवर मिळणाऱ्या साफसफाईच्या स्क्रिप्ट सगळीच अदृश्य अक्षरं उडवतात, आणि आपल्या लिपीला त्यातलं एक लागतं. "दुसऱ्या", "वाऱ्याने" यांतला आडवा अर्धा र जुन्या पद्धतीनं टाइप केला असेल, तर र आणि हलन्त यांच्यानंतर एक अदृश्य जोडखूण असते. ती उडाली की त्या र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि अख्ख्या पुस्तकाचं शुद्धलेखन बिघडतं. कुठलं अक्षर काढायचं त्याचा क्रमांक स्क्रिप्टला नेमका सांगा, आणि आधी असे शब्द शोधून त्यावर ती चालवून बघा.

कोडमधल्या मराठी कॉमेंट हा आणखी एक नाजूक विषय. मला त्या फार आवडतात. आपल्या भाषेत समजावलेली एक ओळ मुलांना पानभर इंग्रजीपेक्षा जास्त देते. पण लिस्टिंग्ज पॅकेज मुळात एका बाइटच्या अक्षरांसाठी लिहिलेलं आहे. झीटेकमध्ये, म्हणजे टेकच्या युनिकोड समजणाऱ्या रूपात, त्यात देवनागरी टाकली की अक्षरं पुढे-मागे होतात. छापील आवृत्तीसाठी अशा ठिकाणी मिंटेड पॅकेज जास्त चांगलं. वेबवर हा प्रश्न उरत नाही, फक्त पान यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत आहे असं वरती सांगितलेलं हवं. कोडच्या फॉन्टमध्ये देवनागरी सहसा नसते, म्हणून फॉन्टच्या यादीत नोटो किंवा मुक्त यांसारखा एक देवनागरी फॉन्ट जोडून द्या आणि ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीला चिकटतात.

युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फाइली आल्या तर जास्त सावध राहा. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजीच्याच क्रमांकांवर बसवलेली असत. सगळी फाइल युनिकोड कन्व्हर्टरमधून काढली की मराठी मजकूर सुधारतो, पण इंग्रजीतल्या कोडचं मात्र देवनागरी कडबोळं होतं. इथंही उपाय तोच: कोड आधी बाहेर.

दिसण्याबद्दल थोडक्यात. ओळींचे क्रमांक मजकूर म्हणून टाकू नका, ते सीएसएसच्या काउंटरनं दाखवा, म्हणजे कॉपीत येत नाहीत. छापील पानावर लांब ओळ तोडून पुढे बाण काढतात. वेबवर ती तोडू नका, आडवी सरकू द्या. कोडमधल्या शब्दांचे वेगवेगळे रंग पिगमेंट्ससारख्या साधनानं आधीच भरून ठेवा. वाचकाच्या फोनवर जावास्क्रिप्टनं रंगवता येतं, पण घाटात नाहीतर गावाकडे नेट मंद असताना पान लगेच उघडणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि कॉमेंटचा फिका राखाडी रंग दुपारच्या उन्हात वाचता येत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ ठेवा. वेबच्या सुगम्यतेचं मानकही तेच सांगतं.

चाचणी दोन प्रकारे करते. एक स्क्रिप्टनं: तयार पानातल्या प्रत्येक कोडच्या चौकटीतला मजकूर परत काढायचा आणि मूळ फाइलशी बाइट-बाइट जुळवायचा. दुसरी हातानं: फोनवर पान उघडायचं, बोटानं कोड निवडायचा, कॉपी करायचा आणि चालवायचा. दुसरी चाचणी कंटाळवाणी आहे, तरी टाळू नका, कारण वाचक नेमकं हेच करणार आहे.

चाचणी करताना जुना कोड सापडतोच. आपल्या कॉलेजांच्या जर्नलमध्ये टर्बो सीचे प्रोग्रॅम अजून असतात, स्क्रीन पुसण्याच्या कमांडसकट, आणि ते आजच्या जीसीसी या कंपायलरवर कंपाइल होत नाहीत. पायथन दोनचे प्रोग्रॅम असतात. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. अशा वेळी स्वतःच्या मनानं कोड सुधारू नका. प्रुफात शंका आली की आपण लेखकाला विचारतो, तसंच इथंही विचारायचं. न चालणाऱ्या प्रोग्रॅमची यादी करून सरांकडे पाठवा, सोबत तुम्हाला सुचलेला बदलही लिहा. माझा अनुभव असा की बहुतेक जण खूश होतात आणि पुढचं काम त्यातूनच येतं.

दर पानांवर ठरवू नका. दोनशे पानांचं सरळ मॅटर पटकन होतं, पण लिस्टिंगनं भरलेलं चाळीस पानांचं मॅन्युअल आठवडा खातं. लिस्टिंग किती, भाषा किती, मूळ फाइली आहेत की नाहीत, हे पाहून आकडा सांगा.

शिकायला सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर स्वतःच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकल जर्नलपासून करा. प्रोग्रॅम तुम्हाला माहीत आहेत, बरोबर आउटपुट माहीत आहे. ते लेटेकमध्ये बसवा, मग वेब पान करा, आणि ज्युनिअरना वापरायला द्या. काय अडतंय ते ती मुलं लगेच सांगतील. हेच पुढे तुमचं दाखवायचं काम होतं. कॉलेजात सरांना भेटायला जाताना लिंक हातात असली की ओळख करून द्यायला वेळ लागत नाही.

काम पुरं करून लेखकाला देताना नुसती वेब पानं देऊ नका. कोडच्या सुट्या फाइली, स्क्रिप्ट आणि कुठली कमांड कुठल्या क्रमानं चालवायची हे सांगणारी एक साधी फाइल, सगळं गिटमध्ये, म्हणजे फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, घालून लेखकाच्या ताब्यात द्या. सिलॅबस बदलला की सर दोन प्रोग्रॅम बदलतात, एक नवीन घालतात. तेव्हा त्यांना फक्त त्या सुट्या फाइलींना हात लावावा लागेल आणि पीडीएफ व वेब पान दोन्ही त्याच फाइलींतून नव्यानं निघतील, अशी मांडणी पहिल्या कामापासून ठेवा.