महामारीत हॉकीचा संघ सांभाळायचा, तर आधी बसमधल्या जागा ठरवा

मी आईस हॉकी कधीच खेळले नाही. स्केट्स घालून मला धड उभंही राहता येत नाही. पण कोविडच्या साथीतल्या २०२०-२१ च्या हंगामात अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका कॉलेजात शिकत असताना मी तिथल्या पुरुष संघाची स्टुडंट मॅनेजर होते. स्केट्सना धार लावायची, जर्सी धुवायच्या, बाटल्या भरायच्या, आणि त्या वर्षी जास्तीचं काम म्हणजे कोण कुणाजवळ किती वेळ बसलं याचा हिशेब ठेवायचा. बाकीचं कुणीही शिकवेल. हा हिशेब कसा ठेवायचा तेवढं मी सांगते, कारण आमचा हंगाम त्यावरच चालला आणि एकदा त्यातल्याच चुकीने अडला.

आधी नियम समजून घ्या. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या त्या वेळच्या व्याख्येप्रमाणे बाधित माणसापासून सहा फुटांच्या आत, २४ तासांत मिळून १५ मिनिटं काढली, की तुम्ही ‘क्लोज काँटॅक्ट’, म्हणजे जवळच्या संपर्कातले, आणि विलगीकरणात. हॉकीत एक शिफ्ट, म्हणजे खेळाडूची बर्फावरची एक पाळी, जेमतेम ४५ सेकंदांची. समोरच्याला कितीही धडका द्या, त्याच्याजवळची १५ मिनिटं भरणं कठीण. ती भरतात लॉकर रूममध्ये, बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर. अर्थात विषाणू घड्याळ बघत नाही. जून २०२० मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा बे भागात हौशी खेळाडूंचा एक साधा सामना झाला. २२ खेळाडूंपैकी १४ जण आणि रिंकचा एक कर्मचारी पाच दिवसांत आजारी पडले. बंद हॉल, धापा टाकणारी माणसं, आणि सामन्याच्या आधी-नंतर लॉकर रूममध्ये वीस-वीस मिनिटं, मास्कशिवाय. हा अहवाल आमच्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाचायला लावला. त्यानंतर मास्कवरून हुज्जत कमी झाली. संपली असं नाही म्हणणार.

आता जागांचा तक्ता. सवयीने सगळे आपापल्या लाइनबरोबर, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या तिघांच्या तुकडीबरोबर बसतात: मधला सेंटर आणि त्याच्या बाजूचे दोन विंगर. बसू देऊ नका. एक बाधित निघाला तर अख्खी लाइन जाईल. त्याहून वाईट म्हणजे चारही लाइनींचे सेंटर एका टेबलावर पत्ते खेळत असतील, तर शुक्रवारी फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू करतानाची पकसाठीची झुंज, कोण घेणार? त्यामुळे तक्ता दोन गोष्टींवर बांधा. एका खोलीत राहणारे एकत्र बसोत, त्यांचा संपर्क तसाही झालेलाच असतो. आणि एकाच जागेवर खेळणारे शक्यतो वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या कोपऱ्यांत. तक्ता छापून लॉकर रूमच्या दारावर आणि बसच्या पहिल्या सीटमागे चिकटवा. फोनवर पाठवलेला कुणी बघत नाही.

गोलींचं, म्हणजे गोलरक्षकांचं, वेगळं सांगते, कारण माझी चूक तिथेच झाली. संघात गोली तीन. तिघांना लॉकर रूमच्या तीन टोकांना बसवलं होतं, बसमध्ये पुढे-मध्ये-मागे. हॉटेलचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. बाहेरगावच्या एका विजयानंतर चौघांनी एका खोलीत पिझ्झा मागवला आणि त्यात दोन गोली होते. सोमवारी त्या चौघांतला एक पॉझिटिव्ह. दोन्ही गोली १४ दिवस खोलीत, तिसऱ्याचा घोटा आधीच मुरगळलेला. कॉलेज हॉकीत सामने शुक्रवार-शनिवारच्या जोडीने होतात, म्हणजे १४ दिवसांत चार सामने. आमचे चारही गेले. प्रशिक्षक मला काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून जेवण मी स्वतः डब्यांत भरून प्रत्येकाच्या दाराशी ठेवायचे आणि मजल्यावर अर्धा तास खुर्ची टाकून बसायचे.

मोठ्या संघांवरही हे आलंच. एप्रिल २०२१ मध्ये पिट्सबर्गच्या फ्रोझन फोरला, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांच्या टप्प्यात, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे चार खेळाडू काँटॅक्ट ट्रेसिंगमुळे (बाधिताच्या संपर्कात कोण आलं याच्या शोधामुळे) उपांत्य सामन्याला मुकले. त्यात गोली फिलिप लिंडबर्ग होता आणि सर्वाधिक गोल करणारा कार्सन गिसेविचही. मॅट मरे गोलमध्ये उभा राहिला, संघाने मिनेसोटा-डुलुथला जादा वेळेत ३-२ हरवलं, आणि अंतिम सामन्यात परतलेल्या लिंडबर्गने सेंट क्लाउड स्टेटला एकही गोल करू दिला नाही: ५-०. दुसरा गोली मोकळा आणि तयार होता म्हणून हे जमलं. मिशिगन आणि नोत्र दाम या विद्यापीठांना तर कोविडमुळे त्याच राष्ट्रीय स्पर्धेत एकही सामना न खेळता बाहेर पडावं लागलं.

सामानाचं थोडक्यात. बाटलीवर खेळाडूचा नंबर, टेपचा रोल प्रत्येकाचा वेगळा, टॉवेल मोजून. खेळाडूंनी आतले कपडे आणि पॅड खोलीवरूनच घालून यायचं, रिंकवर फक्त स्केट्स, हेल्मेट आणि ग्लोव्हज. आंघोळ परत गेल्यावर. बसमधल्या वासाबद्दल मी काही लिहीत नाही.

चाचण्या आम्ही सोमवार, बुधवार, शुक्रवार करायचो. शुक्रवारचा अहवाल हातात आल्याशिवाय बसचं इंजिन सुरू होऊ देऊ नका, ड्रायव्हर कितीही कुरकुरला तरी.

वेळापत्रक पेन्सिलीने लिहा. आयव्ही लीगने (हार्वर्ड, येल वगैरे विद्यापीठांचा गट) १२ नोव्हेंबर २०२० ला हिवाळी खेळच रद्द केले; त्यांचे संघ ज्यात खेळतात त्या ईसीएसी या कॉलेज लीगमध्ये पुरुषांचे चारच संघ उरले. हॉकी ईस्ट या दुसऱ्या लीगमध्ये आठवड्याच्या मध्यावर प्रतिस्पर्धी बदलायचा. म्हणून गुरुवारपर्यंत होम आणि अवे, दोन्ही जर्सी धुऊन तयार हव्यात. ओमाहा शहरातल्या बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांपासून वेगळं ठेवलेल्या एकाच ठिकाणी, एनसीएचसी या आणखी एका कॉलेज लीगच्या आठ संघांनी डिसेंबरात २१ दिवसांत ३८ सामने उरकले. संसर्गाच्या दृष्टीने तीच पद्धत उत्तम, असं माझं मत. तिथल्या धुण्याचा मात्र विचार करवत नाही.

त्या हंगामात बाधित खेळाडू दहा दिवसांनी परतला तरी त्याला लगेच सरावाला सोडायचं नाही. ईसीजी आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का हे दाखवणारं प्रथिन) बघून डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, की आधी एकट्याने स्केटिंग, मग हळूहळू सराव. त्यात मॅनेजरचं काम एकच: तो आजारी पडल्याचं कळताच त्याची बॅग उघडून स्केट्सची पाती पुसून ठेवायची. माझ्याकडून एकदा ते राहिलं. दहा दिवस ओल्या बॅगेत पडलेल्या स्केट्सवर असा गंज चढला होता, की धार लावायला मला सगळी संध्याकाळ लागली, आणि तो बिचारा मोज्यांवर बाकावर बसून होता, माझ्यापासून मोजून सहा फुटांवर.