नव्या गाडीच्या रंगात दोष निघाला तर काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

गाडी कोरी आहे म्हणजे रंगही निर्दोष असणार, असं धरून चालू नका. कारखान्यात रंग रोबो मारतात आणि भट्टीत भाजतात. तरीही धुळीचा कण अडकतो, ओघळ राहतो, सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. पुढे ट्रेलर, रेल्वे, उघडं यार्ड आणि शोरूममधला घाईचा कपडा यांची भर पडते. म्हणून दोष दिसला की आधी एकच गोष्ट ठरवा: तो रंगाच्या वर बसलाय, वरच्या पारदर्शक थरात आहे, की त्याच्याही खाली? वर बसलेला दोष धुऊन निघतो. थरातला घासून निघतो. खालचा मात्र पुन्हा रंगवल्याशिवाय जात नाही, आणि पुन्हा रंगवणं हा कायम शेवटचा उपाय ठेवायचा.

त्यामागचं कारण जाडीत आहे. पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर असतो, साधारण २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्रायमर २५ ते ४०, मग रंगाचा बेस कोट १२ ते २० आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. एकूण बहुधा ९० ते १४०. म्हणजे ज्यात आपल्याला काम करायचंय तो क्लिअर कोट कागदाच्या पानापेक्षाही पातळ आहे. ऊन अडवणारी रसायनं याच थरात असतात. त्यातले ७-८ मायक्रॉन गेले की थांबायचं. आज चकाचक दिसणारा, पण जास्त घासलेला पॅनल काही वर्षांनी फिका पडतो आणि त्याची सालं निघू लागतात.

तपासणी

गाडी ताब्यात घेण्याआधी, आणि शक्य असेल तर नोंदणी होण्याआधी तपासा. धुतलेली, कोरडी गाडी हवी. धुळीखाली आणि थेंबांखाली सगळंच लपतं. ढगाळ उजेडात छटेतला फरक कळतो, उन्हात घासल्याचे गोल ओरखडे दिसतात, आणि कण, खड्डे, ओघळ पाहायला एलईडी टॉर्च तिरपी धरावी लागते. टॉर्च समोरून मारली तर नुसतं चकाकतं, हाती काही लागत नाही. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दारावर पाडा. तिच्या कडा जिथे फाटल्यासारख्या दिसतात तिथला पोत खडबडीत आहे.

मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून टपावरून आणि बॉनेटवरून बोटं हलकेच फिरवा. नुसत्या बोटांना न जाणवणारी खरखर पिशवीतून लगेच कळते.

शोरूमने नुकतंच पॉलिश केलं असेल तर त्यातली तेलं आणि भरणद्रव्यं बारीक ओरखडे झाकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी, फार तर निम्मं-निम्मं, मायक्रोफायबरवर घेऊन हातभर जागा पुसा. पुसल्यावर तिथे ओरखडे ‘उगवले’ तर ते आधीपासूनच होते.

जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर फारच चांगलं. आधी सोबतच्या पट्टीवर शून्य जुळवा. मग टपावर मोजा, कारण टप सहसा कोणी रंगवत नाही. प्रत्येक पॅनलवर निदान ५ ठिकाणी मोजा. सगळीकडे ११०-१२० आणि एकाच दारावर २४० आलं तर ते दार पुन्हा रंगवलंय. ५००च्या वर आकडा गेला तर खाली पुट्टी असण्याचा संशय घ्या. मात्र कारखान्यातही दुरुस्तीचा रंग चढतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून अपघाताचा आरोप करू नका; पुरावा जोडा. दाराच्या रबरावर रंगाची धूसर फवारणी, मास्किंग टेपची रेघ, फेंडरच्या बोल्टवर तडकलेला रंग, फटींमध्ये पॉलिशची पांढरी भुकटी, असं काही सोबत असेल तर मामला पक्का. बॉनेटखाली आणि दाराच्या आतल्या काठावर आकडा कमी येणं नेहमीचंच. प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं यंत्र चालतच नाही.

वर बसलेले दोष

पांढऱ्या गाडीवर नारिंगी-तपकिरी ठिपके दिसले की लोक गंज समजून घाबरतात. बहुतेक वेळा ती रेल्वेच्या चाकांची किंवा ब्रेकची लोखंडी भुकटी असते. ती रंगावर रुतून बसते आणि पाणी लागलं की गंजते. सावलीत, गार पॅनलवर लोखंड विरघळवणारा फवारा मारा. तो जांभळा होऊ लागला म्हणजे काम करतोय. ३ ते ५ मिनिटांत, वाळायच्या आत, भरपूर पाण्याने धुवा.

राहिलेल्या खरखरीसाठी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी. १ लिटर पाण्यात कार शॅम्पूचे थोडे थेंब टाकून ते सढळ हाताने फवारा आणि क्लेची चपटी वडी दोन-दोन फुटांच्या चौकोनात सरळ रेषेत फिरवा, दाब न देता. वडी काळी पडली की मळून आतली बाजू बाहेर काढा. जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्या. धुऊन परत वापरायचा मोह महागात पडतो, कारण अडकलेला एकच खडा अख्ख्या बॉनेटवर रेघा ओढतो.

थरातले दोष: घासून निघणारे

धुळीचा कण म्हणजे क्लिअर कोटमध्ये अडकलेला उंचवटा. नख अडकतं, पण रंग शाबूत असतो. २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरायचा सँडपेपर) पाण्यात १० ते १५ मिनिटं भिजवा, पाण्यात शॅम्पूचे दोन थेंब टाका. पेपर बोटाच्या पेराएवढ्या कडक ठोकळ्यावर गुंडाळा. नुसत्या बोटाने घासू नका. बोट मऊ असतं, ते कणाला वळसा घालून बाजूचा रंग खातं. पाच-सहा हलके हात मारा, पुसा, पाहा. उंचवट्याचा माथा मंद होतो आणि भोवती चकाकी तशीच राहते. मंदपणा आजूबाजूच्या पातळीला टेकला की तत्क्षणी थांबा. आणखी दोन हात मारले तर दोष जात नाही, थर जातो. मग ३००० नंबरने तीच जागा जराशी मोठ्या घेरात मऊ करा. त्यानंतर ३ इंची पॅडवर, फिरता-फिरता डोलणाऱ्या ड्युअल अॅक्शन मशीनने, मध्यम गतीने कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट), आणि शेवटी मऊ फोमवर बारीक पॉलिश. २००० आणि त्यानंतरचं कंपाउंड मिळून ४-५ मायक्रॉन सहज जातात, म्हणून एका जागी हा खेळ एकदाच.

कण कडेवर किंवा घडीच्या रेषेवर असेल तर हात लावू नका. ओला रंग कडेवरून मागे सरतो, म्हणून तिथला थर मुळातच पातळ असतो. शेजारी काम करतानाही कडेवर मास्किंग टेप लावून ठेवा.

ओघळ जास्त चिवट. दाराच्या खालच्या भागात किंवा हँडलच्या खोबणीखाली सापडतो. ओघळाची स्वतःची जाडी असते, त्यामुळे तो कापायला जागा असते. धोका असतो बाजूच्या रंगाला. ब्लेडच्या दोन्ही टोकांना टेपचा एकेक वेढा द्या, म्हणजे धार पॅनलपासून किंचित वर राहील. मग ब्लेड उभं धरून ओघळाचा फक्त माथा खरवडा. पुढे १५००, २०००, ३००० आणि कंपाउंड. ओघळात मेटॅलिकची (रंगातल्या चमकदार धातूच्या कणांची) गडद रेघ दिसत असेल तर बेस कोटच ओघळलाय. तो घासून कधीच जाणार नाही.

गोल ओरखडे आणि मशीनच्या झगमगत्या लाटा हा कारखान्याचा दोष नसतो, डिलिव्हरीआधीच्या घाईचा असतो. बारीक पॉलिशची एक फेरी बहुतेकदा पुरते. त्यासाठी सरळ कंपाउंड हातात घेणारा माणूस तुमच्या गाडीजवळ नको.

संत्र्याच्या सालीसारखा पोत, म्हणजे ऑरेंज पील, जवळपास प्रत्येक गाडीवर थोडाफार असतोच आणि उत्पादक तो मर्यादेत असला तर दोष मानत नाहीत. तो सपाट करायचा म्हणजे सगळ्या गाडीचा क्लिअर कोट खर्ची घालायचा. सोडून द्या. तक्रार करायची ती शेजारच्या दोन दारांचा पोत वेगळा दिसला तरच, कारण मग त्यातलं एक नंतर रंगवलेलं असू शकतं.

घासून न निघणारे

बॉनेटवर किंवा टपावर सुईच्या टोकासारख्या ठिपक्यांचा झुबका दिसला तर १० पटींच्या भिंगातून पाहा. कडा असलेली छिद्रं दिसली तर तो सॉल्व्हंट पॉप: थर जाड पडला किंवा भट्टीत वरचा भाग आधी आवळला आणि आतलं सॉल्व्हंट फुटून बाहेर आलं. घासलं तर खालचे आणखी बुडबुडे उघडतात, आणि कंपाउंड छिद्रांत शिरून पांढरे ठिपके उठून दिसतात. पॅनल रंगवणं हाच उपाय.

फिश आय म्हणजे गोल खड्डा. पत्र्यावर सिलिकॉनचा किंवा तेलाचा अंश राहिला की रंग तिथून मागे सरतो. कोपऱ्यात एखादाच असेल तर क्लिअरचा थेंब भरून भागतं. बॉनेटभर असतील तर नाही. मेटॅलिकमधले ढगासारखे डाग आणि थर सुटून निघणारी सालं याच गटातली.

बंपरची छटा फेंडरशी जुळत नाही, ही तक्रार फार येते. प्लास्टिक पत्र्याच्या भट्टीतलं तापमान सोसत नाही, म्हणून बंपर बहुधा वेगळा, कमी तापमानावर रंगवला जातो. त्यात मेटॅलिकचे कण वेगळ्या कलाने बसतात. समोरून, ४५ अंशांतून आणि अगदी तिरपं असं तिन्हीकडून पाहा. फरक तिन्हीकडून खटकत असेल तर बंपर बदलून किंवा रंगवून मागा. छटा जुळवायला फेंडरला हात लावू देऊ नका.

वाहतुकीत टवका उडाला असेल तर गाडीच्या पाटीवरचा रंगाचा कोड घेऊन टच-अप पुरतो. जागा अल्कोहोलने पुसा. पत्रा उघडा पडला असेल तर आधी प्रायमरचा ठिपका. मग टूथपिकच्या टोकाने रंगाचे दोन-तीन पातळ थर, मध्ये २०-३० मिनिटं. वर क्लिअर किंचित फुगीर. एकदाच भरलेला जाड थेंब वाळताना मध्ये बसतो. काही दिवसांनी ३००० नंबरने पातळीत आणा.

शोरूमशी बोलताना

दोष दिसला तर गाडी घेऊ नका. ‘पहिल्या सर्व्हिसला करून देऊ’ या वाक्याला कागदावर काही किंमत नाही. घ्यावीच लागली तर डिलिव्हरीच्या कागदावर पॅनलचं नाव आणि दोष लिहून सही घ्या. एक फोटो लांबून, एक शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि एक मोजणीच्या आकड्याचा. मग तक्रार ई-मेलवर. तोपर्यंत सिरॅमिक कोटिंग किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) करू नका. त्याखाली दोष बंद होतो आणि ‘तुमच्या कोटिंगमुळे झालं’ म्हणायला समोरच्याला वाव मिळतो.

मागणी चढत्या क्रमाने नको, उतरत्या क्रमाने करा: आधी दुसरी गाडी, मग नुसतं पॉलिश होण्याजोगं असेल तर पॉलिश आणि आधी-नंतरची मोजणी, आणि अगदीच इलाज नसेल तर रंग. कारखान्यातला क्लिअर कोट १३०-१४० अंशांवर भाजलेला असतो. गॅरेजमध्ये गाडी पूर्ण जोडलेली असते, वायर आणि प्लास्टिकमुळे ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं आणि रंग हार्डनरच्या (त्यात मिसळलेल्या, कडक करणाऱ्या रसायनाच्या) जोरावर सुकतो. चांगल्या पेंटरचं काम टिकतं, पण मूळ थर परत येत नाही आणि गाडी विकताना यंत्र ते दाखवतंच.

रंगवायला होकार दिलात तर कोणते पॅनल, कुठवर ब्लेंड (नवा रंग जुन्यात विरवत नेणं) आणि त्या कामाची वेगळी वॉरंटी हे लेखी घ्या. दाराचं हँडल, बीडिंग, लोगो उतरवूनच रंगवायचं, नुसतं टेप मारून नाही, हेही त्यात लिहा. गाडी परत घेताना तीच टॉर्च, तोच तिरपा कोन, शेजारच्या काचेवर आणि रबरावर फवारणी उडाली का ते पाहणं आलंच. अशा पॅनलमधून काही आठवडे सॉल्व्हंट निघत राहतं, म्हणून निदान महिनाभर त्यावर वॅक्स किंवा कोटिंग नको. हा नियम फक्त त्या पॅनलपुरता. कारखान्यातला रंग भट्टीतूनच पूर्ण सुकून येतो, त्यावर पहिल्या दिवशीही वॅक्स चालतं.