ख्रिसमसच्या दिवशी लंडन पायी कसं बघायचं

२५ डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे नाही, लाल बस नाही, ट्रेन नाही, काहीच चालत नाही. हे सगळ्यात आधी सांगतेय कारण लेकाकडे नाहीतर लेकीकडे आलेले आईबाबा दरवर्षी यात अडकतात. आमच्या पहिल्या वर्षी माझे आईबाबा आलेले, हॉटेल घेतलं लांब, स्वस्त पडतं म्हणून, आणि सकाळी ॲपवरच्या टॅक्सीचं भाडं बघितलं तर त्यात चौघांचं दोन दिवसांचं जेवण झालं असतं. दोघं दिवसभर खोलीत खिडकीपाशी बसून राहिले, ते मला अजून लागतं.

त्यानंतरचे ख्रिसमस आम्ही पायीच काढलेत आणि मनापासून सांगते, वर्षात याच एका दिवशी हे शहर चालणाऱ्याचं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे राहायची जागा, तिच्यावर सगळं अवलंबून आहे. २४ आणि २५ या दोन रात्री तरी मधल्या भागात काढा, मी खाली जो रस्ता सांगतेय त्यासाठी पॅडिंग्टन किंवा बेजवॉटर बरं पडतं. २४ तारखेला गाड्या लवकर बंद होतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मुक्कामी पोचायचं. किराणा, दूध, ब्रेड त्याच दिवशी दुपारी आणून ठेवा, कारण २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान ख्रिसमसला उघडायला इंग्लंडमध्ये कायद्यानेच बंदी आहे, २००४ चा कायदा आहे तो. कोपऱ्यावरची छोटी दुकानं बरीच उघडी असतात पण तिथे मिळेल ते घ्यायचं.

सूर्य ८ नंतर उगवतो आणि ४ च्या आत मावळतो, म्हणजे उजेड ८ तासांचासुद्धा नाही. म्हणून ८:३० ला बाहेर पडायचंच. आत थर्मल, वर पाऊस अडवणारं जॅकेट, आणि बूट चांगल्या पकडीचे, कालव्याकाठी चिखल असतो आणि ओली पानं घसरतात. थंडीत मोबाईलची बॅटरी भसाभस उतरते, पॉवर बँक घ्या, नकाशा आधीच डाउनलोड करा. थर्मासमध्ये चहा, डब्यात धपाटे नाहीतर थेपले, कारण दुपारपर्यंत वाटेत काही उघडं मिळेल याचा भरवसा नाही. बाथरूमचं आधी ठरवून ठेवा, हे कोणी सांगत नाही, स्टेशनं बंद म्हणजे तिथली टॉयलेट्सही बंद. काही पब दुपारी जेवणापुरते उघडतात, नाहीतर मोठ्या हॉटेलच्या लॉबीत नीट विचारायचं, आम्हाला अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.

आता रस्ता. ९ ला हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तळ्याच्या दक्षिण काठाला पोचा, तिथे ख्रिसमसच्या सकाळी पोहण्याची शर्यत असते, १८६४ पासूनची. पोहतात फक्त क्लबचे मेंबर, आपण काठावर उभं राहून बघायचं. पीटर पॅन लिहिणारे जे. एम. बॅरी यांनी १९०४ मध्ये कप दिला म्हणून नाव पीटर पॅन कप. सत्तरीतले आजोबा साध्या चड्डीवर त्या गारठ्यात उडी मारतात आणि लाल होऊन हसत बाहेर येतात, बाबा तर टाळ्या वाजवून थकले.

तिथून उत्तरेला पॅडिंग्टनवरून लिटल व्हेनिस. इथे कालव्यात नॅरोबोटी म्हणजे अरुंद, लांबट बोटी लागलेल्या असतात, लोक त्यातच राहतात, धुराड्यातून लाकडाचा धूर येत असतो. पण पाण्याकडे जायच्या आधी हाउली प्लेस नावाची गल्ली शोधा, जवळच आहे. १० नंबरच्या घरावर गोल निळी पाटी आहे, लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरचा बदनामीचा खटला लढायला आले होते, हरले, पण वर्षभर इथे राहून होमरूलचं काम करत राहिले. रस्त्यावर त्या दिवशी चिटपाखरू नसतं. आईने पाटी मोठ्याने वाचली आणि पायातले बूट काढावेत की काय असं तिला झालं. घरात लोक राहतात, त्यामुळे बाहेरूनच नमस्कार करायचा, बेल वाजवायची नाही.

मग ब्लोमफील्ड रोडने चालत एजवेअर रोड ओलांडायचा. इथे बरेच जण चुकतात, कालवा बोगद्यात शिरतो आणि आतून पायवाट नाही, म्हणून वरून ॲबरडीन प्लेसने जायचं आणि पुढे पायऱ्यांनी परत खाली पाण्यापाशी उतरायचं. तिथून प्रिमरोज हिलपर्यंत सरळ वाट आहे, डाव्या-उजव्या बाजूला घरं आणि मग रीजंट्स पार्कची झाडं. सायकलवाले मागून घंटी वाजवतात, वाट अरुंद आहे, मुलांना पाण्याच्या बाजूला ठेवू नका.

याच वाटेवर मॅकल्सफील्ड ब्रिज लागतो, त्याच्याखाली दोन मिनिटं नक्की थांबा. १८७४ मध्ये बंदुकीची दारू नेणारी बोट इथे फुटली आणि पूल उडाला, म्हणून लोक त्याला ब्लो-अप ब्रिज म्हणतात. लोखंडी खांब मात्र वाचले, तेच परत वापरले. खांबावर हात फिरवा, बोटभर खोल खाचा लागतील. घोडे काठावरून बोटी ओढायचे ना, त्यांचे दोर वर्षानुवर्षं घासून पडलेल्या खाचा आहेत त्या. खांब परत बसवताना फिरवून बसवले म्हणून ज्या बाजूला दोर पूर्वी लागतच नव्हता तिथेही आता खाचा आहेत. आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठाला दोराने जशा खाचा पडतात अगदी तशाच.

पुढे प्राणीसंग्रहालय दिसतं, त्या दिवशी बंद असतं, पण पक्ष्यांसाठी बांधलेला जाळीचा उंच पिंजरा काठावरूनही दिसतो, आता त्यात माकडं ठेवलीत. तिथे वर रस्त्यावर या आणि प्रिमरोज हिल चढा, टेकडी छोटीच आहे. वरून सेंट पॉल्स कॅथीड्रलपासून शार्ड या उंच इमारतीपर्यंत सगळं दिसतं. धपाटे इथे.

टेकडीपलीकडे १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब इथे १९२१-२२ मध्ये राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, दोन्ही एकदम चालू होतं. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं, आता स्मारक आहे. ख्रिसमसला आत जायची आशा ठेवू नका, ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, पण निळी पाटी बाहेरूनही वाचता येते. आम्ही गेलो तेव्हा नागपूरचं एक कुटुंब आधीच उभं होतं, लहान मुलीच्या हातात फुलं. थर्मासमधला उरलेला चहा सगळ्यांनी मिळून प्यायलो.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर इथूनच परत फिरा, सर्पेंटाइन सोडून एवढंच केलं तर साधारण ९ किलोमीटर होतात. बाकीच्यांनी रीजंट्स पार्कमधून खाली रीजंट स्ट्रीटला यावं, ३ वाजता राजाचं भाषण टीव्हीवर असतं तेव्हा रस्ते अगदीच मोकळे. अंधार पडता पडता तिथे पोचलात की डोक्यावर दिव्यांची रोषणाई आणि खाली जवळजवळ रिकामा रस्ता, हा फोटो दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळत नाही. पुढे ट्राफल्गार स्क्वेअरमध्ये नॉर्वेचं झाड, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या मदतीची आठवण म्हणून ऑस्लोचे लोक १९४७ पासून दरवर्षी पाठवतात. हा पूर्ण फेरा १७-१८ किलोमीटर होतो, पायांचा अंदाज घेऊन ठरवा.

जेवायला चायनाटाउनमध्ये बरंच काही उघडं असतं, पण मला विचाराल तर पोटात भूक ठेवून मार्बल आर्चपर्यंत चाला आणि एजवेअर रोडवर वळा. तिथली बरीच अरबी हॉटेलं चालू असतात, मसुराचं सूप मागवा, वर लिंबू पिळून, बरोबर गरम रोटी. शाकाहारी लोकांचंही तिथे व्यवस्थित भागतं, आणि पॅडिंग्टन तिथून १५ मिनिटांवर.