डॉटनेट शिकायचंय? भाषा निवडताना या चुका टाळा

डॉटनेटकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर बनवायच्या प्लॅटफॉर्मकडे, वळणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सी शार्प शिकू, व्हिज्युअल बेसिक शिकू की एफ शार्प? माझं उत्तर सरळ आहे. जुना व्हिज्युअल बेसिक कोड सांभाळायचं काम गळ्यात पडलेलं नसेल, तर सी शार्प. पण एवढ्याने भागत नाही. अनेकांची भाषा बरोबर असते आणि डॉटनेट मात्र भलतंच उचललेलं असतं. त्याकडे येऊच, आधी भाषेचं उरकू.

"कुठली जास्त वेगवान?"

यावर डोकं शिणवू नका. तिन्ही भाषांचे कंपायलर (कोडचं रूपांतर करणारे प्रोग्राम) तुमचा कोड एकाच मधल्या भाषेत, म्हणजे आयएलमध्ये बदलतात. प्रोग्राम चालताना रनटाइम (प्रोग्राम चालवणारा डॉटनेटचा भाग) त्यातून मशीन कोड तयार करतो. म्हणूनच व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला क्लास सी शार्पच्या प्रोजेक्टमधून वापरता येतो, आणि मूळ लायब्ररीही तिघांना तीच. रोजच्या कामात वेगाचा फरक सहसा जाणवतही नाही.

पाहायचं ते वेगळंच. प्लॅटफॉर्मवर काही नवं आलं, की ते कुठल्या भाषेसाठी येतं? अँड्रॉइडचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये गूगलने कोटलिन भाषेला पहिली पसंती जाहीर केली, आणि त्यानंतर आलेल्या जेटपॅक कंपोज या स्क्रीन बनवायच्या साधनात स्क्रीन कोटलिनमध्येच लिहावी लागते, जावावाले बाहेर. ॲपलच्या स्विफ्टयूआय या तशाच साधनाचंही तसंच, तिथे जुनी ऑब्जेक्टिव्ह-सी भाषा चालत नाही. डॉटनेटमध्ये हा मान सी शार्पचा. ब्लेझर या वेब ॲप बनवायच्या साधनातले रेझर कंपोनंट (पानाचे तुकडे) सी शार्पमध्येच लिहायचे असतात, आणि वेबसाठीच्या एएसपी डॉटनेट कोअरच्या टेम्प्लेटमध्ये (प्रोजेक्टच्या तयार सांगाड्यांमध्ये) व्हिज्युअल बेसिक सापडत नाही.

"व्हिज्युअल बेसिक सोपं, म्हणून तेच"

ही समजूत १९९८ च्या व्हीबी ६ पासून चालत आलेली आहे. २००२ मध्ये डॉटनेटसोबत आलेलं व्हिज्युअल बेसिक नावाने तेच असलं, तरी जुना कोड त्यात जसाच्या तसा चालत नव्हता. पुढे मार्च २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलं, की भाषा म्हणून व्हिज्युअल बेसिकमध्ये नवी भर घालायचा बेत नाही. ती मेलेली नाही. विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ (दोन्हींनी विंडोजची ॲप बनतात), कन्सोल ॲप, क्लास लायब्ररी हे सगळं तिच्यात आजही होतं. नोकरीत तोच कोड असेल तर खुशाल शिका, त्यात कमीपणा काही नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र त्या वाटेला जाऊ नये.

एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्यांना दोन जागा हमखास फसवतात. व्हिज्युअल बेसिकमध्ये ॲरे जाहीर करताना कंसातला ५ हा शेवटचा इंडेक्स असतो आणि मोजणी शून्यापासून होते, म्हणून घटक सहा होतात. सी शार्पमध्ये तोच ५ म्हणजे पाच घटक. आणि ७ भागिले २ ला व्हिज्युअल बेसिक ३.५ म्हणतं. सी शार्पमध्ये दोन्ही पूर्णांक असतील तर उत्तर ३ येतं, तेही कुठलीही एरर न दाखवता. कोड भाषांतरित केल्यावर आकडे जुळेनासे झाले, तर आधी भागाकार तपासा.

एफ शार्पबद्दल थोडक्यात: सुंदर भाषा, पण पहिली म्हणून नको. तिची उदाहरणं आणि शिकवणारं साहित्य सी शार्पच्या मानाने बरंच कमी आहे. शिवाय प्रोजेक्टमधल्या फाइलींचा क्रम तिथे महत्त्वाचा असतो. वरच्या फाइलला खालच्या फाइलमधलं काही दिसत नाही, आणि नवखा माणूस नसलेली स्पेलिंगची चूक शोधत बसतो.

खरी गोची: कुठलं डॉटनेट?

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. डॉटनेट फ्रेमवर्क हे जुनं, फक्त विंडोजसाठीचं, आणि ते ४.८ च्या मालिकेवर थांबलं आहे. २०१६ मध्ये लिनक्स आणि मॅकवरही चालणारं डॉटनेट कोअर आलं. २०२० पासून त्यातलं 'कोअर' गळलं आणि डॉटनेट ५ आलं. फ्रेमवर्क ४ शी घोळ होऊ नये म्हणून ४ हा आकडा मुद्दाम वगळला होता. घोळ व्हायचा तो झालाच. दोन्हींची भाषा सी शार्प, त्यामुळे जुना धडा नव्या डॉटनेटवर गिरवतोय हे कळतच नाही. लक्षणं मात्र ओळखता येतात.

सिस्टिम डॉट वेब या जुन्या वेब लायब्ररीतला ओळखीचा क्लास सापडत नाही, अशी एरर आली (बहुधा सीएस०२४६ किंवा सीएस०२३४), तर धडा फ्रेमवर्कच्या काळातला समजा. त्यात वेब फॉर्म्स (वेब पानं बनवायची जुनी पद्धत) असतील तर धडाच बदला. वेब फॉर्म्स नव्या डॉटनेटमध्ये आणलेलेच नाहीत, पॅकेज शोधत बसण्यात अर्थ नाही.

नव्या कन्सोल प्रोजेक्टमध्ये, जिथून प्रोग्राम सुरू होतो ती 'मेन' मेथडच दिसत नाही? काही बिघडलेलं नाही. डॉटनेट ६ पासून टेम्प्लेट ती लिहून देत नाही, कंपायलर स्वतः तयार करतो. जुन्या पद्धतीचा सांगाडा हवा असेल, तर प्रोजेक्ट बनवताना टॉप-लेव्हल स्टेटमेंट न वापरण्याचा पर्याय निवडा. कन्सोलवरून स्ट्रिंग वाचताना येणारी सीएस८६०० ही वॉर्निंगसुद्धा याच व्हर्जनच्या टेम्प्लेटपासून दिसू लागली. आलेलं मूल्य नल, म्हणजे काहीच नसलेलं, असू शकतं, एवढंच ती सांगते. ती बंद करण्याऐवजी नल तपासायची सवय लावून घ्या.

एनईटीएसडीके१०४५ ही एरर आली, तर प्रोजेक्टला हवं असलेलं डॉटनेटचं व्हर्जन तुमच्या एसडीकेला (ॲप बनवायच्या साधनसंचाला) झेपत नाही. नवं एसडीके टाका किंवा प्रोजेक्ट फाइलमधलं टार्गेट खाली आणा. एसडीके टाकूनही तीच एरर येत असेल, तर फोल्डरमध्ये किंवा वरच्या कुठल्या फोल्डरमध्ये ग्लोबल डॉट जेसन फाइल जुनं व्हर्जन धरून बसली आहे का, ते पाहा. आणि एसडीकेच सापडत नाही असा संदेश आला, तर बहुतेक वेळा नुसतं रनटाइम टाकलेलं असतं. त्यावर तयार ॲप चालतं, नवं बनवता येत नाही.

व्हर्जन कुठलं घ्यावं? दर नोव्हेंबरला नवं येतं. सम आकड्याच्या व्हर्जनना तीन वर्षं सपोर्ट मिळतो, शिकायला त्यांतलं सगळ्यात ताजं घ्या.

गेम बनवायचे म्हणून युनिटी या गेम इंजिनसाठी सी शार्प धरणाऱ्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. युनिटी स्वतःचं रनटाइम घेऊन येतं आणि सी शार्पच्या ताज्या व्हर्जनच्या मागे असतं. डॉटनेटच्या नव्या धड्यातलं एखादं वैशिष्ट्य तिथे एरर देत असेल, तर आधी तुमचं युनिटी सी शार्पच्या कुठल्या व्हर्जनपर्यंत पोचलंय ते त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहा.